हेडबाईच्या अवगुणांचं बांधीव पुस्तक

तीर्थरूप आक्कास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला पट्टी आहे, त्यामुळे नमस्कार जरा वाकडा झाला असेल, राग मानू नकोस. पट्टी कशाची ते पुढे येईल.) पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. खरं सांगायचं तर हे पत्र मी अकरा दिवसांपूर्वीच लिहायला घेतलं होतं. पहिल्या खेपेला तुझ्या गुडघ्याची चौकशी करून झाली आणि पुढे काही सुचेना, म्हणून फाडलं. दुसऱ्या खेपेला दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली, मग आठवलं की ऑपरेशन एकाच गुडघ्याचं झालंय, म्हणून तेही फाडलं. तिसरं सूनबाईने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, यात मूळ गोष्ट कुठे आहे?" मूळ गोष्ट नव्हतीच. तर आधी सांग, गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? चढू नकोस. उतरतानाही कठड्याला धर, आणि कठडा पक्का आहे की नाही ते जावयांना एकदा हलवून बघायला सांग. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि मग स्वतःच बोलतेस. तुझा आवाज चढला की मी "सगळं छान आहे" म्हणून सुटका करून घेतो. गेल्या रविवारी तू विचारलंस, "हेडबाई कशी आहे?" आणि मी म्हणालो, "मजेत आहे." ते खोटं नव्हतं. ती मजेतच आहे. फक्त इथे नाही.

आता लिहूनच टाकतो. तुझी मांजर मी प्राण्यांच्या निवाऱ्यात देऊन आलो. (आक्का, इथे पत्र खाली ठेवू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच. आणि मुलीला हाक मारू नकोस, ती लगेच फोन लावेल.) तू ऑपरेशनला निघालीस तेव्हा "दोनच महिने सांभाळ, तिचा काडीचा त्रास नाही" असं सांगून टोपली माझ्या दारात ठेवलीस, त्याला या महिन्यात चौदा महिने झाले. तुझ्या मुलीच्या घरमालकाला जनावर चालत नाही हे तुला ऑपरेशननंतर कळलं असं तू म्हणतेस, आणि मी ते मानतो. माझी तक्रार नाही. तू तिला हेडबाई म्हणायचीस तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. ती राहायला आल्यावर समजलं की ते नाव नसून हुद्दा आहे.

तुला माझी पुढची खोली माहीत आहे. खिडकीखाली टेबल, टेबलाशेजारी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, कोपऱ्यात शेगडीवर खळीचं पातेलं. वाचनालयाच्या बाई फाटकी पुस्तकं पाठवतात, मी ती उसवतो, शिवतो, नवा पुठ्ठा चढवतो आणि परत करतो. पन्नास वर्षं दुसरं काही केलं नाही. (शाळा चारच इयत्ता झाली. पानांचे आकडे जुळवताना डोळ्यांत जेवढं शिरलं तेवढं माझं शिक्षण. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण एकही शेवटपर्यंत माहीत नाही.) पहिला महिना हेडबाई खिडकीत बसून नुसती बघत होती. मला वाटलं, शांत जनावर आहे. ती शांत नव्हती, ती पाहणी करत होती. दुसऱ्या महिन्यात तिने खळ चाटायला सुरुवात केली. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, तिने झाकण पाडलं. मी झाकणावर वजन ठेवलं, तिने वजन माझ्या पायावर पाडलं. मग खळीने भरलेल्या पावलांनी ती एका कायद्याच्या जाडजूड पुस्तकाच्या कोऱ्या पानावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मी ते पान बदललं. ती पुन्हा चालली. तिसऱ्यांदा मी तसंच ठेवलं. कायद्याचं पुस्तक कोण उघडतं.

पण हे सगळं मी तुला कळवण्याइतकं मोठं नव्हतं. मोठं पुढे आहे. तिच्या शी-शूसाठी मी माती भरलेला ट्रे ठेवला होता, चांगला, कडा शिवलेला (म्हणजे कडांना कापड लावलेला, सवय जात नाही), शिकंज्याच्या बाजूलाच, म्हणजे माझ्या नजरेसमोर. त्या ट्रेकडे ती बघायचीसुद्धा नाही. तिने आपली जागा ठरवली ती तयार पुस्तकांचा गठ्ठा. फाटक्या पुस्तकांना तिने कधी पाय लावला नाही, अर्धवट शिवलेल्यांनाही नाही. पण नवं कापड चढवून, दाबून, वाळवून, आता परत पाठवायचं म्हणून ठेवलेलं पुस्तक दिसलं की हेडबाई त्यावर जाऊन बसणार, लांब कुठेतरी बघत राहणार आणि आपलं काम उरकणार. मी लिंबाची सालं पसरली. ती सालं बाजूला सारून बसली. मी गठ्ठा कपाटावर ठेवला. ती कपाटावर चढली, आणि तिथून ते खालपर्यंत आलं. शेवटी मी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. ती येऊन माझ्या मांडीवर झोपली. आता मांडीवर झोपलेल्याला उठवायचं कसं, म्हणून मी तसाच बसून राहिलो, मलाही डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती आणि गठ्ठा ओला.

शेवटचा कडेलोट वाचनालयाच्या बाईंसमोर झाला. जमीनमोजणीच्या जुन्या अहवालांची चाळीस पुस्तकं होती. त्यातल्या सहांवर आदल्या दिवशी हेडबाईची मेहेरबानी झालेली. मी ती पुसली, पंख्याखाली वाळवली, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. बाईंनी नेमकं त्यातलंच एक उघडलं, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "काका, हा कसला वास हो?" मी म्हणालो, नवीन सरस आहे, परदेशी आहे, आठवड्यात उडतो. (आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोललो, आणि तेही मांजरीसाठी.) बाईंनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला होता, आक्का, खरंच बसला होता. तेवढ्यात हेडबाई आली, गठ्ठ्यावर चढली, बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली आणि सरस कसला ते दाखवून दिलं. बाई काही वाईट बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या महिन्याचं काम घेऊन आल्या होत्या, ती पिशवी त्यांनी खाली ठेवलीच नाही. तशीच खांद्याला लावून परत गेल्या.

त्यानंतर सूनबाई. तिला दोष देऊ नकोस, ती काही बोलत नाही. आपण काही बोलत नाही हे ती दिवसातून चार वेळा बोलते, एवढंच. त्या दिवशी मात्र म्हणाली, "बाबा, एक तर खळीचा वास, नाहीतर मांजरीचा. एका नाकात दोन बसत नाहीत." मुलगा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "बरोबर आहे." (तो कुणालाही बरोबर आहे म्हणतो. मीही काही म्हणालो असतो तर तेही बरोबर झालं असतं.) मी रात्रभर विचार केला. काम गेलं तर मी दिवसभर काय करू? टेबलाशी बसून हात कुठे ठेवू? म्हणून सकाळी उठलो आणि चांगल्या दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याची पेटी केली, कोपऱ्यांना कापड, वारा यायला भोकं, आत तुझी जुनी शाल. पेटीत ती आपणहून गेली. मला उगाच वाटत होतं की ओढाताण होईल. ओढाताण झाली ती निवाऱ्यात, पेटीतून बाहेर काढताना. हातावरची पट्टी तेव्हाची. पाच टाके आहेत. डॉक्टरांनी चांगले घातलेत, पण अंतर सारखं नाही.

निवाऱ्यात गमबूट घातलेल्या एक बाई असतात. बोलायला कडक, पण जनावरांशी बोलताना आवाज निराळाच. त्यांनी मला अर्ज दिला. "प्राण्याला कशाची भीती वाटते?" असा एक रकाना होता, तिथे मी लिहिलं, कशाची नाही, मला तिची वाटते. "मालक" या रकान्यात मी स्वतःला लिहिलं, कारण तू हजर नव्हतीस आणि रकाना रिकामा सोडायचा नाही अशी खाली सूचना होती. मग आला रकाना, "वर्तनातील दोष". आणि पुढे जागा किती? दोन ओळी! मी म्हणालो, बाई, एवढ्यात तर खळसुद्धा मावणार नाही. बाई म्हणाल्या, "मग घरून लिहून आणा. आम्ही पिंजऱ्याला अडकवतो. घेणाऱ्यांना खरं काय ते कळलेलं बरं." हे मला एकदम पटलं. उद्या कुणी भाबडा माणूस तिला घेऊन गेला आणि त्याच्या घरी पुस्तकं असली तर? पाप माझ्या माथी.

म्हणून मी घरी येऊन लिहायला बसलो. अकरा पानं झाली. आता अकरा सुटी पानं टाचणी लावून कुणाच्या हातात द्यायची, ही आमच्या धंद्यात नामुष्की आहे. म्हटलं, शिवू. पण मोठा कागद तीनदा दुमडून शिवायचा तर पानं होतात सोळा. म्हणजे शेवटी पाच पानं कोरी. कोरी पानं राहिली की वाचणाऱ्याला वाटतं, छापखान्याने फसवलं. ती भरायलाच हवीत. पण अवगुण संपले होते, आक्का. मी फार आठवून पाहिलं. खिडकीचा पडदा आठवला, मुलाच्या बुटातला प्रकार आठवला, ते दोन्ही आधीच आले होते. मग जे सुचलं ते लिहीत गेलो. डाव्या कानामागे खाजवलं तर ती मान वाकडी करते आणि उजव्या कानामागे खाजवलं तर उठून जाते. सरस वाळेपर्यंत मधे हात लावू नये हे तिला माझ्या मुलापेक्षा लवकर कळलं. मी चष्मा शोधत असलो की ती चष्म्याशेजारी जाऊन बसते (चष्म्यावरही बसते, पण ते पान चारवर आलंय). शिकंज्याचा पेच बिघडला त्या आठवड्यात ती पुस्तकांवर बसून राहायची आणि पुठ्ठा एका बाजूला जरासुद्धा उचलला गेला नाही. दुपारी कुणी बोलायला नसलं तर तिच्याशी बोलता येतं, ती मधेच तोडत नाही. असं काहीबाही. सोळा पानं भरली, निळं कापड चढवलं, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवली आणि दुसऱ्या दिवशी दोरीने पिंजऱ्याला अडकवून आलो.

तेव्हापासून मी रोज निवाऱ्यात जातो. मांजरीसाठी नाही, पुस्तकाची शिवण ताणते आहे का ते बघायला. आणि मला काय कळलं असेल? तिथे ती शहाण्यासारखी वागते! मातीच्या ट्रेमध्ये जाते, कुणाला चावत नाही, भांड्यातलं सगळं खाते. हे मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं. मी गमबूटवाल्या बाईंना म्हणालो, ती नाटक करतेय. बाईंनी विचारलं, तुमच्या घरी ट्रे कुठे होता? मी अभिमानाने सांगितलं, शिकंज्याच्या बाजूला. "तो शिकंजा वाजतो का हो?" आता पेच सोडला की वरची पाटी धाडकन येतेच, त्याला वाजणं म्हणत असतील तर वाजतो. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या मोरीत कुणी दर अर्ध्या तासाला तोफ उडवली तर तुम्ही कुठे जाल?" घरी येऊन मी शिकंज्यापासून पावलं मोजली, तर गठ्ठाच सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. नऊ पावलं.

आणि त्या पुस्तकाने भलताच घोळ केला. लोक येतात, ते वाचतात, हसतात, एकमेकांना वाचून दाखवतात. मला वाटलं होतं, पहिल्या दोन पानांतच माणूस मागे सरेल. बाई म्हणतात, पहिली अकरा पानं लोक हसण्यासाठी वाचतात आणि शेवटची पाच वाचून मागणी घालतात. पहिल्या आठवड्यात तीन मागण्या आल्या. घाबरून मी पानांच्या कडेला आणखी तीन अवगुण लिहिले, तर चौथी मागणी आली. ही चौथी पक्की आहे. दातांची डॉक्टरीण आहे. दवाखान्यात बसायच्या खोलीत मांजर असली की रोग्यांची भीती जाते असं तिचं म्हणणं. मी तिला बाकावर बसवून सगळी चौकशी केली. खिडक्यांना जाळी आहे का? आहे. यंत्राचा आवाज बाहेर येतो का? दोन दारं आहेत. पुस्तकं आहेत का? नाहीत, फक्त मासिकं. डाव्या कानाचं तर मी विचारायच्या आधी तिने स्वतःच सांगितलं. एक दोष सापडला नाही. समोरचा माणूस चांगला निघाला की चौकशी करणाऱ्याची फार पंचाईत होते. ती रविवारी सकाळी दहाला हेडबाईला घेऊन जाणार.

असं आहे सगळं. तुला अंधारात ठेवायचं नव्हतं म्हणून कळवलं, बाकी काळजीचं काही नाही. घर अगदी स्वच्छ आहे. वाचनालयाच्या बाईंना निरोप पाठवला, त्यांनी काम परत पाठवलं, पंचवीस पुस्तकं. सोमवारपासून टेबलावर आहेत. करीन. तयार गठ्ठा कुठेही ठेवता येतो आता, कुणी येत नाही. खळीवर झाकण ठेवायची गरज नाही. चष्मा मात्र सापडत नाही, हे पत्र मी सूनबाईचा लावून लिहितोय, म्हणून ओळी वर चढल्या असतील. जावयांना नमस्कार, नातीला आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझा आज्ञेबाहेर न जाणारा (हे एकदा सोडून),
धाकटा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. मी गमबूटवाल्या बाईंना सहज विचारलं, कुणी सोडलेलं जनावर परत मागितलं तर? (कुणी म्हणजे कुणीही, मी आपलं माहितीसाठी.) त्या म्हणाल्या, ज्याने सही करून सोडलं त्याला वर्षभर मिळत नाही, नाहीतर लोक आम्हाला सामान ठेवायची खोली समजतील. नियम चांगला आहे. मी तसं त्यांना सांगितलंही. मग पुन्हा सहजच विचारलं, की सोडणारा मुळात मालकच नसला तर? तेव्हा त्या म्हणाल्या, खऱ्या मालकाची सहीनिशी लेखी तक्रार आली तर ते सोडणंच रद्द. तोंडी चालत नाही.

दुसरा ता. क. : तर आक्का, माझ्याविरुद्ध तक्रार कर. मसुदा सोबत जोडला आहे, तू फक्त सही कर. अक्षर सूनबाईचं आहे, कारण माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याच अक्षरात बरी दिसत नाही. "माझा भाऊ भित्रा, उतावळा व अर्धवट शिकलेला असून त्याने माझ्या गैरहजेरीत व मला न विचारता" इथपर्यंत मी सांगितलं, "हट्टी" हा शब्द तिने स्वतःच्या मनाने घातला आणि मी राहू दिला. "लबाड" दोनदा आहे. तुला कमी वाटला तर आणखी एकदा घाल, जागा सोडली आहे. "चोर" मात्र नको, बाई मला रोज चहा देतात.

तिसरा ता. क. : मांजर परत मिळाली तरी तुझ्याकडे घरमालकाची अडचण आहे, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा तुझी गुडघ्याची आणि घराची नीट व्यवस्था लागेपर्यंत ती माझ्याकडे राहिली तर माझी हरकत नाही. तुझ्यासाठी एवढं करीन. घाई करू नकोस, चांगलं दोन-चार वर्षं घे. शिकंजा काल मुलाने आणि मी मिळून मागच्या गॅलरीत हलवला. तो "बरोबर आहे" म्हणाला. पाठ धरली आहे त्याची.

चौथा आणि शेवटचा ता. क. : पत्र टपालाने न टाकता ओळखीच्या बसवाल्याच्या हाती देतोय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तो परत फिरायला दीड तास घेतो. तेवढ्यात सही करून त्याच्याच हाती दे, किंवा नातीला सांगून फोटो काढून पाठव. बाईंचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. तुला मला मनातून जे काय बोलायचं असेल ते रविवारनंतर फोनवर बोल, मी मधे "सगळं छान आहे" म्हणणार नाही, शेवटपर्यंत ऐकून घेईन. डॉक्टरीण वेळेची फार पक्की आहे असं कळतं. तेव्हा आक्का, तेवढं लवकर कळव.